पाकिटाच्या कोपऱ्यातला गुलाब

दादा,

तू गेल्यापासून तुझी तीन पत्रं आली.

पहिलं आलं ते तुझ्या तेराव्यानंतर आठवड्यानं. पोस्टमननं फाटकातून आत सरकवलं, मी उचलायला वाकले, तर तुझं अक्षर. मी तिथंच पायरीवर बसले. आमच्या ह्यांनी आतून विचारलं, "कुणाचं गं?" मी पाकीट उलटसुलट करून बघितलं. उघडलं तर आत वहिनींची चिठ्ठी आणि सही करून परत धाडायचा एक कागद. मग उलगडा झाला. तू जन्मभर पाकिटं आधीच तयार करून ठेवायचास, नाव-पत्ता घालून, तिकीट डकवून, रबर लावून गठ्ठा कपाटात. पत्र लिहावंसं वाटलं आणि तिकीट नाही म्हणून राहिलं, असं व्हायला नको म्हणून. वहिनी आता तीच वापरतात. चांगली पाकिटं आहेत, टाकायची कशाला? त्यांचं काही चुकत नाही. मी त्यांना काय सांगून थांबवू?

तुझ्या अक्षराला मी भ्याले नाही, दादा. भ्याले ते कोपऱ्यातल्या तिकिटाला. त्यावर साताऱ्याच्या माझ्या अंगणातला गुलाब आहे, खाली बारीक अक्षरात 'आईचा गुलाब' छापलेलं आहे, आणि त्या गुलाबाबद्दल मी तुझ्याशी सहा-सात वर्षं खोटं बोलत आले.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माणसाला मध्येच तोडायची खोड होती. आज ऐकून घे.

लोक तिकिटं जमवतात ती राजांची, आगगाड्यांची, पक्ष्यांची. तू फक्त गुलाबांची जमवलीस, त्यातही जुन्या जातींच्या गुलाबांची. नव्या संकरित गुलाबांना तू लग्नातले बँडवाले म्हणायचास. पोशाख मोठा, पण घरचं कुणी नाही. शाळेत विज्ञान शिकवून घरी आलास की चहाआधी भिंग. कुठल्याशा बेटाच्या देशानं काढलेल्या तिकिटावर चित्रकारानं फूल जुन्या गुलाबाचं आणि पानं भलत्याच जातीची काढली होती, तर तू त्यांच्या पोस्टखात्याला दोन पानी पत्र लिहिलंस. उत्तर येणार नव्हतंच. दोन महिने वाट बघितलीस आणि अल्बममध्ये तिकिटाखाली पेन्सिलीनं लिहून टाकलंस, 'फूल खरं, पानं खोटी.' मी हसले तर आठ दिवस बोलला नाहीस.

आणि ते बल्गेरियाचं तिकीट आठवतं? वाईला धावत आला होतास आईला दाखवायला. "बघ आई, तुझा गुलाब. तिकडं ह्याच्या अत्तरावर गावंच्या गावं जगतात." आईनं चष्मा लावून बघितलं, म्हणाली, "माझ्या डब्यातला तिकडं कुणी नेला रे?" पुढं आपल्या पोस्टानं वासाची तिकिटं काढली, गुलाबांची, तेव्हा तू अख्खा ताव घेऊन आलास आणि आईच्या नाकाशी धरलास. ती म्हणाली, "उदबत्ती बरी आहे." तू खट्टू झालास, पण लगेच तुझा मूळ वाद सुरू. तिकिटावर सगळे नवे गुलाब, कृषी संशोधकांनी घडवलेले. ज्याचा गुलकंद खाऊन पोरं मोठी झाली त्या गावठी गुलाबाला जागा नाही. "एक दिवस मी त्याला तिकिटावर आणणार," म्हणालास. आईला ते काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, आण, पण आधी जेवून घे.

तो गुलाब म्हणजे आईचा संसारच होता. वाईत घाटाजवळच्या भाड्याच्या दोन खोल्या, मागच्या दारी गोडेतेलाचा डबा आणि डब्यात ते रोप. तिच्या आईनं दिलेलं. पान मळकट, खरखरीत, काटे केसांसारखे बारीक, कळीच्या मानेपर्यंत. थंडी सरता सरता फुलायचा, पाकळ्या पातळ, दुपारपर्यंत गळून पडायच्या. पण वास! आई उन्हाआधी पाकळ्या खुडायची, खडीसाखरेत बरणीत घालायची आणि बरणी उन्हात. त्या दिवसांत तिच्या पदराला तोच वास. आई गेली तेव्हा रडू आलं नाही ते मला, तिचं पातळ घडी करताना आलं.

पुढं घरमालकानं मागचं दार सिमेंटनं बंद करायला घेतलं आणि तू पळत गेलास. डब्यातलं रोप म्हातारं झालं होतं, हलवून जगलं नसतं. म्हणून तू त्याच्या फांदीवरचे डोळे, कोंब फुटायच्या जागा, सालीसकट काढलेस आणि मुळं धरलेल्या दुसऱ्या दणकट गुलाबाच्या खुंटावर भरलेस. एक रोप सांगलीला तुझ्या अंगणात, एक साताऱ्याला माझ्याकडे. साल चिरून त्यात डोळा बसवताना तुझा हात कसा थांबायचा, श्वाससुद्धा धरायचास. मी म्हटलं, मला शिकव. "शालू, तुझा हात हलका आहे, पण धीर नाही," म्हणालास, आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळत राहिलास. जाताना एवढंच बजावलंस, "जमिनीलगत फूट आली तर ती खुंटाची. दिसली की मोडायची, दयामाया नाही. खुंट लय माजोरा असतो, वरच्याला खाऊन टाकतो."

बारा-तेरा वर्षं मोडली रे मी ती फूट. इमानेइतबारे. मग आमच्या लेकीचं, चित्राचं बाळंतपण निघालं आणि मी पुण्याला गेले. पाच महिने. शेजारणीला पाणी घालायला सांगितलं, ती बिचारी रोज घालत होती. खुंटाची फूट मोडायची, हे तिला सांगायचं मी विसरले.

आले तर झाड हे भलं मोठं. हिरवंगार, कुंपणाच्या वर गेलेलं. मी खुळी, हरखले. म्हटलं साताऱ्याची हवा मानवली. शेणखत घातलं. आणि मध्ये एक बोटभर जाडीची मलूल, पानं झडलेली फांदी होती ती वाळकी म्हणून कात्रीनं छाटून टाकली, थेट बुडाशी. छाटलेल्या टोकाला आत हिरवी कड होती. मी ती बघितली, दादा. बघितली आणि फांदी कचऱ्यात टाकली.

आषाढात फुलं आली. आईचा गुलाब आषाढात कधी फुलला होता? फूल गुलाबीच, भरगच्च, पण पान गुळगुळीत, चकचकीत. कळीची मान साफ. वास होता, पण वरवरचा, नाकाशी येऊन परत जाणारा. मी खाली बसून बुंधा बघितला. तू जिथं डोळा भरला होतास ती गाठ होती, तिच्यावर माझ्या कात्रीची खूण होती, आणि सगळं झाड गाठीच्या खालून आलं होतं. खुंट वर आला होता आणि आईची फांदी मी माझ्या हातानं तोडली होती.

तुला त्याच दिवशी फोन करणार होते. खरंच करणार होते. शब्द जुळवत चार दिवस गेले, मग आठ, आणि मग कृष्णा चढली. तुझ्या घरात पाणी, अंगणात छातीएवढं पाणी, तुम्ही दोघं मिरजेला कुणाच्या गच्चीवर. पाणी ओसरल्यावर तुझा फोन आला. आवाज बसलेला. अल्बम माळ्यावर होते म्हणून वाचले, म्हणालास, पण झाडं सगळी गेली. आठवडाभर बुडाली होती. "शालू, तुझ्याकडचा आहे ना?"

मी म्हटलं, "आहे. छान आहे."

"मग काही गेलं नाही," म्हणालास, आणि तिकडं रडायला लागलास. लहानपणी हात मोडला तेव्हाही तू रडला नव्हतास.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, आत्ता त्याचं घर चिखलात आहे, आत्ता कशाला. नंतर म्हणाले, आता सांगून टाक. तेव्हा माझंच तोंड उघडेना. खोटं एकदा बोललं की ते राखावं लागतं, रोज पाणी घालून. तू पत्रातून विचारायचास, कळ्या किती, कीड आहे का. तू करोनातून उठलास, तेव्हापासून मी पाकळ्या वाळवून पाकिटातून पाठवायचे. तू लिहायचास, 'वास तोच.' पहिल्या एक-दोन वेळा मला ते खरं वाटलं नाही. तुझं नाक काय होतं ते मला माहीत होतं. डोळे बांधून तू पाच गुलाब ओळखायचास.

आणि मग तू ते तिकीट काढलंस. पोस्टाच्या त्या योजनेतून, आपण दिलेला फोटो तिकिटाला जोडून छापून देतात ती. फोटो माझ्याकडून मागवलास. मी फक्त फुलाचा काढून पाठवला, अगदी जवळून, पान एक दिसू दिलं नाही. तू कौतुकानं लिहिलंस, 'फोटो उत्तम, पण पानं आली असती तर बरं.' तुझ्या गुलाबवाल्या मित्रांना, जुन्या विद्यार्थ्यांना, सगळ्यांना ती पाकिटं गेली. देशभर कुणाकुणाच्या अल्बममध्ये आता तो खुंट आईचं नाव लावून बसला आहे. दुसऱ्यांच्या तिकिटांवरची चुकीची पानं पकडणारा माझा भाऊ, आणि त्याच्या तिकिटातली चूक मी घातली.

पण मला छळते ती गोष्ट वेगळीच आहे. तू गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर साताऱ्याला आलास, तो दिवस. मी रात्रभर जागी होते. तू आलास, ओट्यावर खुर्चीत बसलास, झाडापर्यंत उतरायला तीन पायऱ्या होत्या. "धर मला, जाऊ या," म्हणालास. मी म्हटलं, "पाय घसरेल, मी आणते फूल." गेले, एक फूल तोडलं, आणि तुझ्याकडे पाठ करून देठाची सगळी पानं काढून टाकली. पदरात लपवली. मग फूल तुझ्या हातात दिलं.

तू किती वेळ नाकाशी धरलं होतंस. डोळे मिटलेले. मला वाटलं, आता झालं. आता डोळे उघडेल, माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, शालू, हे काय आहे? तुझे डोळे भरून आले होते. म्हणालास, "आईचाच गं."

त्या दिवसापासून मी एक समजूत धरून जगले. मनाशी म्हटलं, दादाला कळलं. ह्या नाकाला न कळेल कसं? त्याला कळलं, आणि मला उघडं पाडायचं नाही म्हणून तो तसं बोलला. त्यानं मला माफ केलं. बोलून दाखवण्यापेक्षा न बोलता केलेली माफी मोठी, असं मी स्वतःला पढवलं. तुझ्यावरची माझी माया त्यानं दुप्पट झाली. देवासमोर दिवा लावताना तुझं नाव घ्यायचे. तुला वाटलं असेल, म्हातारपणी बहिणीला एकदम उमाळा कसला आला.

रागही होता, तोही सांगते. तू मला डोळा भरायला शिकवलं असतंस तर? त्या फांदीत हिरवं होतं. तिच्यावरचा एक डोळा, फक्त एक, मी दुसऱ्या खुंटावर बसवला असता. धीर नाही म्हणालास. बारा-तेरा वर्षं पहाटे उठून फूट मोडणाऱ्या बाईला धीर नाही? हा वाद मी तुझ्याशी मनात हजारदा घातला आहे. दर वेळी मीच जिंकते, आणि मग ती हिरवी कड आठवते.

तू गेलास ती बातमी सांगायला वहिनींचा सकाळी फोन आला. रडण्याआधी त्यांनी निरोप दिला. "वन्सं, येताना गुलाबाचं रोप आना. त्यांनी लिवून ठेवलंय. राख नदीत न्हाई सोडायची, आमच्या माळाच्या तुकड्यात खड्डा काढून त्यात, आन वर आईचा गुलाब." माझ्याकडे पिशवीत दोन फांद्या मुळं धरलेल्या होत्या, तूच करायला लावल्या होत्यास. सातारा ते सांगली ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. गाडीत सगळ्यांना वाटलं मी तुझ्यासाठी रडते आहे. तुझ्यासाठी रडतच होते, पण ती पिशवी रस्त्यात कुठं तरी फेकून द्यावी असंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी कवठे महांकाळला गेलो. वहिनींच्या माहेरचा तो वाट्याचा तुकडा, मुरमाड, वारा नुसता. तुझी राख मातीत मिसळली, सगळ्यांनी मूठ मूठ माती लोटली, आणि रोप मला लावायला सांगितलं. 'बहिणीचा मान' म्हणाले. मी लावलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि तोंडात मूग धरून मी माती दाबत होते. मला एकच आधार होता. तुला माहीत आहे. तू माफ केलं आहेस.

मागच्या महिन्यात वहिनींनी बोलावलं, पहिलं फूल आलंय म्हणून. दीड महिन्यात, त्या माळावर, ठिबकच्या थेंबावर. खुंटच तो, जगणारच. दोघीच गेलो. वहिनींनी वाकून वास घेतला, डोळे पुसले.

"यांचं नशीब बगा वन्सं," म्हणाल्या. "ज्याच्यापायी जलम घातला त्याचा वास शेवटाला मिळाला न्हाई."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आवं, त्यास्नी वास कुटं येत व्हता? करोना झाल्यापास्नं नाक गेलंच की त्यांचं. दूध करपलं तरी कळायचं न्हाई. डागदर झाले, काडे झाले. तुमास्नी सांगू नको म्हनले. म्हनले, शालूचा जीव हाय त्या गुलाबात, ती पाकळ्या धाडती, तिला वाईट वाटंल."

 

तुला काही कळलं नव्हतं, दादा. तू ओळखलंही नव्हतंस आणि माफही केलं नव्हतंस. फुलाला वास आहे की नाही हेसुद्धा तुला ठाऊक नव्हतं. मी दिलं म्हणून ते आईचं होतं. नाक गेलेल्या माणसानं बहिणीच्या शब्दावर डोळे भरून घेतले, आणि ती बहीण मागं पदरात पानं धरून उभी होती.

मी वहिनींना सगळं सांगितलं. पुणं, शेजारीण, कात्री, पूर, फोटो, पदरातली पानं. वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी वाकून झाडाचं एक गुळगुळीत पान खुडलं आणि बोटानं चोळून बघितलं.

"काढू या?" मीच विचारलं. "वहिनी, उपटून टाकू या का हा?"

"काडायचा कसा?" त्या म्हणाल्या. "मुळं पोचली असतील आता त्यांच्यापत्तुर."

मग त्यांनी पदर खोचला. "मला सांगून काय उपेग? मी कोन माफ करनार? ज्यास्नी सांगायचं त्यास्नी सांगा. मी हाय तिकडं बांधावर." आणि खरंच गेल्या, पाठ करून बसल्या, म्हणजे मला मोकळं बोलता यावं.

मी बोलले. मोठ्यानं. वाऱ्यानं अर्धं तोंडातच राहिलं असेल, म्हणून इथं पुन्हा लिहिते. दादा, आईचा गुलाब माझ्या हातून गेला. तू विचारलंस तेव्हा तो नव्हता आणि मी आहे म्हटलं. जो तुझ्यावर लावला आहे तो आईचा नाही.

तुझं बाकी सगळं मला ऐकू येतं. भाजीत मीठ जास्त झालं की तू काय म्हणशील ते येतं, मी ही पानं कशी लिहिली आहेत त्याला काय नावं ठेवशील तेही येतं. ह्या एका गोष्टीवर तू काय म्हणाला असतास तेवढं मला ऐकू येत नाही. बोलून झाल्यावर मी त्या माळावर थांबले होते, वहिनी उठून आल्या तरी थांबले होते. अजून रोज, इथं साताऱ्याच्या पायरीवर, थोडा वेळ थांबते.